सोलापुरी चादरीचं जाकीट : एका बेताचं प्रकरण

घरातल्या जुन्या कापडाचा प्रवास आपल्याकडे कायम खालच्या दिशेनं होत आलाय. लुगडं विरलं की त्याचं झबलं, कुंची, दुपटं; मग गोधडीतला थर; शेवटी पायपुसणं नाहीतर पोतेरं. अंगावरून अंथरुणात, अंथरुणातून जमिनीवर. उलटा प्रवास, म्हणजे अंथरुणातलं कापड अंगावर चढवणं, आपल्या सवयीचा नाही. त्यामुळे या प्रकरणातली पहिली अडचण सुईदोऱ्याची नव्हतीच.

माझ्या शिवणवर्गाला येणाऱ्या पन्नाशीच्या एका बाई. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, मुलींचे फ्रॉक सफाईनं शिवणाऱ्या. कोट-जाकिटाच्या वाटेला कधी न गेलेल्या. त्यांची भाची शिकायला म्यूनिकला निघाली होती. आजोळ सोलापूरचं, तेव्हा घरात चादरींना तोटा नाही. त्यातली लहानपणापासून पांघरलेली एक चादर तिला बरोबर न्यायची होती, पण चादर मधोमध विरलेली आणि बॅगेतल्या किलोंचा हिशेब कडक. मग तिनं सुचवलं, की मावशी, याचं मला जाकीट करून दे, स्वेटरवरून घालता येईल असं.

आजींना, म्हणजे बाईंच्या आईला, ते पटेना. “अगं, पांघरायची चादर ती. ती अंगात घालून हिंडलीस तर लोक म्हणतील, पोरीला धड कपडा दिला नाही.”

“आई, तिकडे कोणाला कळणारे चादर आहे म्हणून?”

“आज्जी, कळावं म्हणूनच घालणारे मी.”

शेवटी आजींनी होकार दिला, तो एका अटीवर. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात वापरलेली चादर हिच्यात मिसळायची नाही, तिचा तुकडासुद्धा लावायचा नाही. अशी अट कोणी घातली तर वाद घालू नये. जुन्या कापडाचं काम करणाऱ्यानं कापड कुठून आलं हे आधी विचारावं, कात्री नंतर हातात घ्यावी.

हातात काय होतं

ओळखीची मयूरपंखी चादर, मरून आणि पांढुरकी. सोलापुरी चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, दुहेरी अंगाची असते. एका बाजूला मरून जमिनीवर पांढरी नक्षी, तर उलट बाजूला पांढऱ्यावर मरून. तेलंगणातून येऊन सोलापुरात स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा वाढवला, आणि 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंत ही चादर आहे. तिचे कपडे शिवण्याची कल्पनाही नवी नाही. काही वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या तरुणांचे सोलापुरी चादरीच्या शर्टातले फोटो समाजमाध्यमांवर फिरले होते. भाचीच्या डोक्यात हे तिथूनच आलं असावं, असा माझा कयास.

मूळची 60 बाय 90 इंची चादर वर्षानुवर्षांच्या धुण्यानं 57 बाय 86 वर आली होती. शिवणाऱ्याला ही चांगलीच बातमी. नवी चादर आणून जाकीट शिवलं असतं तर हे आटणं अंगावर झालं असतं; इथं आटायचं ते आटून गेलं होतं. रंग मात्र तपासावा लागतो. पांढरी चिंधी ओली करून मरून भागावर घासली आणि तीच चिंधी वर ठेवून गरम इस्त्री दाबली. फिकट गुलाबी छटा उतरली. बाईंनी लगेच मिठाच्या पाण्याची बादली काढली. मिठानं रंग पक्का होतो हे आपण सगळ्यांनी आईकडून ऐकलेलं. पण रंगाईच्या कुंडात मिठाचं काम असतं, एकदा रंगून वाळलेल्या कापडाला घरचं मीठ काही धरून ठेवत नाही. सुटणारा जास्तीचा रंग धुऊन काढणं एवढंच हातात. स्वच्छ पाणी येईपर्यंत चादर पुन्हा पुन्हा खळबळून घेतली.

झिजेचा नकाशा

नवं कापड कुठूनही सारखंच असतं. वापरलेलं तसं नसतं, आणि ते कुठं झिजलंय हे ज्या कामाला वापरलं त्यावर ठरतं. टेबलक्लॉथ कडांच्या घडीवर विरतो, पडदा खिडकीच्या बाजूला उन्हानं, उशीचा अभ्रा डोक्याच्या तेलानं. चादर पांघरलेली असेल तर हनुवटीखाली मुठीत धरायची कड जाते आणि अंथरली असेल तर कमरेखालचा मधला भाग. ही दोन्ही कामं करून बसली होती.

पाहायची रीत सोपी. चादर बाल्कनीच्या दारात दोघींनी ताणून धरली, उजेड जिथून आरपार आला तिथं खडूनं रेघ. मग उरलेल्या भागावर दोन अंगठे शेजारी ठेवून कापड आधी उभं, मग आडवं ओढायचं. चांगलं कापड तणतं आणि परत येतं. थकलेलं बारीक करकरतं, धागे बाजूला सरकतात आणि सरकलेलेच राहतात. तिथंही रेघ. ट्रंकेत वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेल्या कापडाच्या घड्या वेगळ्या तपासाव्या लागतात, कारण उजेडात त्या धडधाकट दिसतात आणि ओढल्यावर जातात. इथं एक घडी गेलेली निघाली, सुदैवानं मधल्या झिजलेल्या भागातच.

रेघा मारून झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. मधला साधारण 18 इंचांचा उभा पट्टा बाद. दोन्ही टोकांची दशांसकट तीन-तीन इंच बाद, त्यातल्या एका टोकाला तेलाचा जुना डाग. उरले दोन लांब पट्टे, प्रत्येकी साडेएकोणीस इंच रुंद आणि 80 इंच लांब, दोन्हींच्या बाहेरच्या कडेला चादरीचा मूळ काठ शाबूत.

बाईंनी घरून येताना पुस्तकातला एक छान नमुना आणला होता. पाठ अखंड, गोल मुंढा (बाही जोडायची जागा), दुमडलेली कॉलर, बटणपट्टी. त्यातली अखंड पाठच 23 इंच रुंद होती. साडेएकोणीसच्या पट्ट्यात ती बसवायची म्हणजे विरलेला भाग पाठीवर घ्यायचा, नाहीतर मध्ये कुठंतरी ठिगळ. त्यांनी तो कागद चादरीवर चारी दिशांनी फिरवून पाहिला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ज्यानं म्हटलं त्यानं बहुधा कधीतरी जुन्या चादरीचा कपडा बेतला असावा. नमुना बाजूला ठेवला.

माझ्या मते अशा कामाचं खरं कौशल्य इथंच असतं. लोक शिवणीच्या सफाईकडे बघतात, पण जुन्या घरगुती कापडाचा कपडा टिकतो की महिन्यात उसवतो हे बेतातच, म्हणजे कुठून कोणता तुकडा कापायचा यातच, ठरून गेलेलं असतं. नमुना आधी निवडून कापड त्यात कोंबायचं नाही. कापडात जे तुकडे धड आहेत त्यांतून कोणता कपडा निघतो ते बघायचं.

बेत

दोन उभे, सारखे, एकमेकांच्या आरशासारखे पट्टे आहेत. म्हणजे कपडाही सरळ तुकड्यांचा हवा, जुन्या बंडीसारखा. प्रत्येक पट्ट्यातून एक पुढा, अर्धी पाठ आणि एक बाही. पुढा आणि पाठ 12 बाय 26, बाही 18 बाय 20. एकूण लांबी 72 इंच, हाताशी 80. पुढा-पाठीच्या शेजारी साडेसात इंचांची पट्टी उरते, त्यातून खिसे.

भाचीच्या छातीचं माप 34. स्वेटरवरून घालायचं आणि कापड इतकं जाड, म्हणून तयार घेर 44 च्या आसपास धरला. पातळ कापडाच्या हिशेबानं हे फार वाटेल, पण जाड कापड आतल्या बाजूनं माप खातं.

या मांडणीचे दोन फायदे आपोआप पदरात पडले. एक नक्षीचा. मयूरपंखाला वर-खाली असतं, त्यामुळे सगळे तुकडे एकाच दिशेला बेतावे लागतात, आणि पाठीच्या मध्यशिवणीवर दोन्ही अर्धी जुळली नाहीत तर मोर मधोमध चिरलेला दिसतो. पाठीचे दोन भाग एकाच पट्ट्यात वर-खाली बेतले असते तर नक्षी जुळवताना कापड वाया गेलं असतं. ते दोन वेगळ्या पट्ट्यांतून, पण अगदी एकाच उंचीवर घेतल्यामुळे नक्षी विणकरानंच जुळवून ठेवलेली होती. दुसरा फायदा काठाचा. दोन्ही पुढ्यांच्या उघड्या कडेला मूळ काठ आला, म्हणजे ती कड दुमडायची गरज नाही, पट्टी लावायची गरज नाही, जाडी वाढायचा प्रश्न नाही.

कॉलर गेली. चादरीचे चार थर एकावर एक मानेपाशी आले तर मशिनखालून जाणार नाहीत आणि गेले तरी मान वळणार नाही. तिच्याजागी नुसता गोट, म्हणजे कडेला दुमडून लावलेली अरुंद पट्टी.

चादर कापण्याआधी एका टाकाऊ बेडशीटवर हाच बेत कच्च्या टिपेनं शिवून भाचीच्या अंगावर चढवला. हा वेळ वाचवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चादर एकच आहे, हे लक्षात ठेवलं की तो आवरतो. बेडशीटच्या मसुद्यानं एक गोष्ट लगेच दाखवली. सरळ बाहीत हात वर केला की सगळं जाकीट वर येतं, कारण 18 इंचांची बाही शिवल्यावर मुंढा सव्वाआठच राहतो. बाही रुंद करायला पट्ट्यात जागा नव्हती. यावरचा उपाय अंगरख्यात कधीचाच आहे : चौबगला, बगलेतला तो चौकोनी तुकडा. तीन इंचांचा तयार चौकोन बसवला आणि हात मोकळा झाला. तो चादरीचा न करता मऊ बेडशीटच्या दोन थरांचा केला, कारण बगलेत सोलापुरी चादर खरखरते.

शिवण

चादरीची वीण जाड धाग्याची आणि सैल. कापली की कड लगेच सुटू लागते; तुकडा उचलून मशिनपर्यंत नेईपर्यंत पाव इंच गेलेला असतो. म्हणून कापण्याआधी शिवायचं. खडूच्या रेघेच्या आत पाव इंचावर सगळीकडून एक टीप मारून घेतली आणि मगच कात्री चालवली. शिवणीला अर्ध्याऐवजी पाऊण इंच सोडलं.

एका शिंप्याकडे आधी चौकशी झाली होती. “ताई, सुया मोडतात, नको,” असं त्यानं सांगितलं, आणि त्याचं खोटं नव्हतं. बाईंचं मशिन काळं, पायाचं, सासूबाईंच्या वेळचं. नुसती सरळ टीप मारतं, पण असल्या जाडीत नव्या हलक्या मशिनपेक्षा तेच बरं. 18 नंबरची सुई, टीप लांब, इंचाला सात-आठ टाके. जिथं शिवणीवर शिवण येते, म्हणजे खांद्याच्या टोकाला आणि बगलेत, तिथं आधी शिवण ओल्या फडक्याखाली इस्त्रीनं दाबली, मग पाट्यावर ठेवून हातोडीनं ठोकली. ऐकायला गमतीचं वाटतं, पण ठोकलेली शिवण निम्म्यानं बसते. तेवढा भाग पाय न मारता चाक हातानं फिरवून पार करायचा. मशिनचा फूट चढावर तिरका झाला की टाके सुटतात. त्याच्या मागच्या बाजूला घडी घातलेला चादरीचाच तुकडा सरकवला की तो सपाट बसतो. आणि दर शिवणीनंतर बॉबिनची पेटी उघडून ब्रशनं झाडायची, कारण या कापडातून कापसाचा इतका भुगा पडतो की दोन शिवणींत पेटी भरते.

खांद्याच्या आणि गळ्याच्या शिवणीत परकराची सुती नाडी घातली. कापड वजनदार, वीण सैल, अशा वेळी खांदा लोंबून लांब होतो. नाडी ताणत नाही, म्हणून खांदाही ताणत नाही. पाठीच्या मध्ये दोन काठ एकमेकांवर पाव इंच चढवून दोन टिपा मारल्या. तिथं सपाट, रेघांचा उभा पट्टा तयार झाला आणि जाकिटाचं सगळ्यात देखणं अंग तेच निघालं.

पूर्ण अस्तर लावायचं नाही असं मी सुचवलं. उलट बाजूला इतकी सुंदर नक्षी असताना ती झाकायची कशाला? पण मग आतल्या कडा उघड्या राहतात. त्या सगळ्या बेडशीटच्या तिरक्या पट्टीनं बांधल्या. मशिननं एक बाजू, दुसरी हातानं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते कमी करायचा मार्ग मला ठाऊक नाही. गणपतीच्या आरासाची आवराआवर संपल्यावर सुरू झालेलं जाकीट या बांधणीपाशीच रेंगाळलं.

बाह्यांना मात्र अस्तर लागलंच. सुती खरखरीत बाही लोकरीच्या स्वेटरवर सरकत नाही, आत स्वेटर गोळा होतो. अस्तर गुळगुळीत हवं, ते घरात मिळालं दिवाणखान्याच्या जुन्या पॉलिएस्टरच्या पडद्यात. पडद्याचा उन्हाकडचा भाग टाळून वरच्या दुमडीलगतचा घेतला. तिथं रंगही मूळचा होता.

काजांचा विचार सोडून दिला. सैल विणीत काज कापलं की दोन-चार वेळा वापरल्यावर त्याचं भोक होतं. त्याऐवजी बेडशीटच्या पट्टीच्या घुंड्या आणि समोर त्याच पट्टीचे फासे, जुन्या बंडीला असायचे तसे. एका कोपऱ्यात विणलेलं कारखान्याचं नाव चांगल्या भागात येत होतं. भाचीच्या हट्टानं तो तुकडा डाव्या खिशाला बाहेरून लागला, अक्षरं सरळ वाचता येतील असा. आजींना खिसे दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “आत अभऱ्याचं कापड का नाही घातलंस?” मग आजींनीच भरलेल्या एका अभऱ्याचा कोपरा, लेझी-डेझीची तीन फुलं असलेला, खिशाच्या आत गेला. बाहेरून तो कुणाला दिसत नाही.

खर्च आणि हिशेब

सुया, दोरा, खडू मिळून काही शे रुपये. बाकी सगळं घरातलं. वेळ मात्र असा लागला की त्यात तीन-चार पंजाबी ड्रेस सहज झाले असते. पैसे वाचतात म्हणून कोणी हे करायला सांगितलं तर ऐकू नये. शिलाईला बाजारभाव लावला तर तयार जाकीट स्वस्त पडतं. हे काम करायचं ते ती विशिष्ट चादर अंगावर हवी असेल तरच.

ऊब किती, याचाही भ्रम नको. भाचीनं ते ऑक्टोबरमध्ये रोज घातलं, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत स्वेटरवरून निभावलं, आणि मग तिकडच्या दुकानातून पिसांचं जाकीट घेतलं. सुती चादर कितीही जाड असली तरी तिच्यातून वारा जातो आणि पावसात भिजली की ती लवकर वाळत नाही. म्यूनिकच्या हिवाळ्यासाठी ती नाही. मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर निघाली.

तेव्हाच तक्रार आली. उजव्या खांद्यावर शिवणीच्या शेजारी फट पडली होती. शिवण उसवलेली नव्हती, टीप जागच्या जागी होती. चादरीचे धागेच टिपेतून सरकून बाहेर आले होते. व्हिडिओ कॉलवर बघितल्यावर कारण कळलं. लॅपटॉपची बॅग ती कायम उजव्या खांद्यावर अडकवते. नाडीनं खांदा लांबीत धरून ठेवला होता, पण बॅगेचा ओढा शिवणीच्या आडव्या दिशेला. तिथं धाग्यांना धरायला पाऊण इंच कापडाशिवाय काही नव्हतं, आणि सैल विणीत पाऊण इंच पुरत नाही.

दुरुस्ती तिनं तिथंच केली, मावशी फोनवर सांगत राहिल्या. निघताना उरलेल्या बेडशीटचा तुकडा मावशींनी बॅगेत घातला होता, तो कामी आला. आतून चार इंच रुंद पट्टी, शिवणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जाईल अशी, आणि तिच्यावर पुढून-मागून धावदोऱ्याच्या जवळजवळच्या रांगा, गोधडीला घालतात तशा. सरकलेले धागे आधी सुईच्या टोकानं परत जागेवर ढकलायचे, मगच टाका. डाव्या खांद्यालाही तीच पट्टी, फट पडायची वाट न बघता. धुताना थंड पाण्यात वेगळं, पिळायचं नाही, आणि हँगरवर न टांगता आडवं वाळत घालायचं, हेही तेव्हा ठरलं. ओलं जाकीट टांगलं तर सगळा भार पुन्हा त्याच खांद्यांवर येतो.

चादरीचा मधला विरलेला पट्टा घरच्या गोधडीत गेला. घरात त्याच वयाची आणखी एक चादर आहे, हिरवी, आणि बाईंच्या मुलाला आता तिचं बिनबाह्यांचं जाकीट हवंय. यावेळी खांद्याची पट्टी बेतातच धरली आहे. हिरवी चादर मात्र कधी अंथरलीच नव्हती, नुसती पांघरलेली, तेव्हा तिचा मधला भाग धड आणि एक कड पार गेलेली निघाली. म्हणजे पाठ अखंड येईल, पण पुढ्यांना मूळ काठ एकाच बाजूला मिळेल. दुसऱ्या पुढ्याच्या कडेचं काय करायचं यावर अजून चर्चा चालू आहे. बाई गोट म्हणतात. मी म्हणते, उलट अंगाची पट्टी लावा, रंगही उलटा येईल आणि ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल.